शांत माणसांचं दार

ऑक्सिजन सतरा टक्क्यांवर आला, तरी हेमांगीची नाडी साठच होती. नियंत्रण कक्षात नायट्रोजन गळत होता; त्याला ना वास, ना रंग. दार उघडलं की प्लांट बंद पडे; खोट्या इशाऱ्याने तसं होऊ नये म्हणून सुटकेचं दार आतल्या कुणाची तरी नाडी शंभर झाल्यावरच उघडे. आणि हातून चूक होऊ नये म्हणून सगळ्यांना रोज बीटा-ब्लॉकरची नवी गोळी मिळे. घबराटीत सुटणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मेंदूवरचा आणि हृदयावरचा परिणाम ती अडवे; मग ना भीती वाटे, ना नाडी फारशी वाढे.

हेमांगीने पन्नास उठाबशा काढल्या. मनगटपट्टी म्हणाली, ब्याऐंशी. शेजारच्या खुर्चीत दुखरे गुडघे चोळत बसलेल्या सहकाऱ्याकडे ती वळली.

"सावंतकाका, आज गोळी घेतलीत?"

"छे गं. रोज कुंडीत टाकतो. बघ, जास्वंद कशी निवांत आहे."

म्हणजे एक माणूस अजून घाबरू शकत होता.

"काका, हवा संपतेय. आपण मरणार आहोत. आकडा बघा."

"ते यंत्र रोजच बोंबलतं." त्यांनी तिचा चेहरा निरखला. "आणि खरं असतं, तर तू असं सांगितलं असतंस?"

हेमांगीने जिवाच्या आकांताने ओरडायचं ठरवलं. आवाज निघाला तो चहा सांगितल्यासारखा.

काका हसले. त्यांची पट्टी बहात्तरवरच राहिली.