देवीचा हुंकार

नवरात्राच्या जिवंत देखाव्यात सातवीतल्या शलाकाला महिषासुरमर्दिनी केलं होतं. त्रिशूळ धरून नुसतं पुतळ्यासारखं उभं राहायचं. पण पाचव्याच मिनिटाला मानेला हिसका बसला आणि घशातून तो नेहमीचा 'हुं!' निघाला.

वर्षभर त्या 'हुं'पायी तिने मार खाल्ला होता. "मुद्दाम करते कार्टी," आई म्हणायची. वर्गातल्या गव्हाणेबाई तर तिला सरळ बाहेर उभं करायच्या. आता काही आपली धडगत नाही, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

"देवी आली गं पोरीच्या अंगात!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

शलाकाने डोळे उघडले, तर पायाशी नारळांचा ढीग, आणि समोर पदर पसरून गव्हाणेबाई! "माउली, काही चुकलं का आमचं?"

"चुकलंच!" मानेला पुन्हा हिसका बसला. "ही पोर मुद्दाम करत नाही. तिला मारू नका. शहरातल्या मोठ्या डॉक्टरला दाखवा."

"दाखवते, माउली," शेजारी हात जोडून बसलेली आई रडत म्हणाली. "कधी नेऊ?"

देवीने जरा विचार केला. गणिताचा पेपर सोमवारी होता.

"सोमवारी," ती म्हणाली. "हुं!"

हा 'हुं' मात्र मुद्दाम होता.