कानवाल्यांची पिकअप

"इंजिन गरम आहे," बॉनेटवरचा हात उचलत कानवाले काका म्हणाले. "आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलंत. थंड इंजिन सगळं खरं ओकतं, म्हणून ना?"

जुन्या गाड्यांचा व्यापारी ओशाळून हसला. "काका, तुमच्यापुढे कुणाची डाळ शिजणार?"

त्यानं बॉनेट उघडलं. पलीकडच्या बाजूला टॉर्च धरून उभी असलेली काकांची लेक मात्र हसली नाही. आतापर्यंतचं काम हाताचं होतं. पुढचं कानाचं होतं.

खडक फोडायच्या कॉम्प्रेसरवर या बापलेकीचं पोट होतं. दोन चाकांचं ते धूड गाडीच्या मागे हुकाला अडकवायचं आणि खाणीचा चढ चढायचा, हा रोजचा रिवाज. जुनी पिकअप गेल्या महिन्यात त्याच चढाखाली कायमची बसली. आता दुसरी हवी होती. डिझेलचीच, मजबूत स्प्रिंगपाट्यांची, ओझं ओढताना न कण्हणारी. चालवणार होती लेक. चढावर इंजिनानं दगा दिला, तर मागचा कॉम्प्रेसर गाडीला घेऊनच खाली येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि निवडणार होते काका. गाड्यांच्या बाजारात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागे टेकवायची, की इंजिनाच्या पोटातलं दुखणं त्यांना कळलंच. लोक गाडी घेताना त्यांना मुद्दाम सोबत नेत. कानवाले हे नाव बाजारानंच दिलेलं.

पण तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभं राहिल्यावर कान काय लोखंडाचे असतात? समोरून बोललेलं त्यांना कळे. बारीक आवाज मात्र गेले होते. घरी फोन वाजत राही आणि काका त्याच्याच शेजारी निवांत पेपर वाचत बसत. मग लेक स्वयंपाकघरातून धावत येई आणि "मीच उचलणार होते" म्हणत फोन घेई. आपल्याला हे कळलंय, याचा तिनं त्यांनाही पत्ता लागू दिला नव्हता. फार जीव होता तिचा बापावर. त्यांची सगळी ऐट त्या दोन कानांत होती आणि ती ऐट आपल्या हातून मोडावी, असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

आधी पाहिलेली राखाडी पिकअप तिच्या मनात भरली होती. दिसायला कळकट, दाराला पोचा, पण इंजिन कसं एका लयीत. खाली आडवं होऊन तिनं चॅसी आणि हूकही तपासला होता. काका नुसतं "बघू" म्हणाले आणि या निळ्या गाडीकडे वळले. निळी मात्र लग्नाला निघाल्यासारखी चमकत होती.

व्यापारी आत बसला. इंजिन सुरू झालं. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. पूर्वी अशा वेळी ते डोळे मिटून घेत, हल्ली उघडे ठेवत. लेकीला ते बघवेना. काकांनी हातानं रेस वाढवायची खूण केली. इंजिन गरजलं आणि त्या गर्जनेच्या तळातून तिला टकटक ऐकू आली. बारीक, पण रेसबरोबर वाढत जाणारी. आतलं बेअरिंग गेलं होतं.

काकांनी इंजिन बंद करायला लावलं. स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसला. म्हणाले, "हीच घेऊ."

"बाबा, घरी जाऊन ठरवू या ना."

"घरी काय ठरवायचंय? शुभस्य शीघ्रम्."

"मला रंग नाही आवडला."

"ओढायला घेतोय. मिरवायला नाही."

व्यापारी खूश झाला. त्यानं हात पुढे केला. या बाजारात हातात हात पडला की सौदा पक्का, मग ब्रह्मदेवही तो मोडत नाही. आजूबाजूला गाड्या बघणारे चारपाच जण गोळा झाले होते. कानवाल्यांनी पसंत केलेली गाडी म्हटल्यावर कौतुक असणारच. काकांनी हात उचलला.

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर बाप चारचौघांत उघडा पडतो, गप्प बसावं तर तो चढ काही चुकत नाही. लेकीनं बाजूनं येऊन बापाचं मनगट धरलं.

"नाही बाबा," ती त्यांच्या समोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली. "ही नको. रेस दिली की खालून टकटक येतेय. बेअरिंग गेलंय. आपण राखाडी घेऊ."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला, पण तो कसला हार मानतोय!

"अहो ताई, खुद्द कानवाल्यांनी ऐकलीय गाडी! त्यांना नाही ऐकू आली ती टकटक तुम्हाला बरी ऐकू आली? काका, तुम्हीच सांगा आता यांना."

लेकीनं मान खाली घातली. डोळ्यांत पाणी दाटलं होतं. काकांनी मनगटावरचा तिचा हात तसाच राहू दिला आणि वर दुसरा हात ठेवला.

"मी काय सांगणार? मला दोन वर्षं झाली, इंजिनातलं काही ऐकू येत नाही. मी इंजिनावर कान ठेवतो आणि हिचा चेहरा वाचतो," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "या गाडीला हिचं तोंड कडू झालं, म्हणून तर 'हीच घेऊ' म्हणालो. म्हटलं, बघू तरी, बापाला चारचौघांत खोटं पाडायची हिंमत आली का माझ्या लेकीत!"