एक वीट राहिली

निघोजे गावच्या निवृत्तीला चाळिशीत खेळण्यातल्या विटा जोडायचं वेड लागलं. दिवसभर कंपनीत गाड्यांचे पार्ट जोडायचे आणि घरी येऊन विटा. यंदा गावच्या सप्ताहात ठेवायला त्यानं पाच हजार प्लास्टिकच्या विटांचं विठ्ठलमंदिर रचायला घेतलं होतं.

रविवारी दुपारी, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी आतून हाक मारली, "निवृत्ती, घोटभर पाणी दे रे."

"आबा, दम धरा की जरा. देवाच्या पायाखालची एक वीट राहिलीय."

ती नेमकी सोफ्याखाली गेली. शोधण्यात अर्धा तास मोडला. आबांनी आणखी दोनदा हाक मारली, मग गप्प झाले. डोळा लागला असेल, म्हणून निवृत्तीलाही बरं वाटलं. वीट सापडली, देव उभा राहिला. त्यानं फोटो सप्ताहाच्या ग्रुपवर टाकला.

कीर्तनकार बुवांनी लगेच लिहिलं, "बापाच्या सेवेत गुंतलेल्या लेकासाठी देव त्या विटेवर थांबला, माऊली. आधी आबांना दाखवा."

निवृत्ती मंदिर उचलून हौसेनं आत गेला.


आबांची बोटं कोरड्या तांब्यात तशीच गार पडली होती.