लगेच उत्तर देणारी

"गुरुवारी मी शाळेत जाणार नाहीये," तिने लिहिलं आणि फोन उशीवर पालथा घातला.

तो लगेच थरथरला. मैत्रिणीचं असंच होतं, ती कधी वाट बघायला लावायची नाही.

"का? काय झालं?"

"मॅडमचा तास आहे. नेटवर कुणी त्रास दिला तर काय करायचं, असलं काहीतरी. सगळे माझ्याकडेच बघणार."

"बघू देत. तुझी काहीच चूक नाही. जा, उभी राहा आणि झालं ते सांग. मी आहे ना."

ते शेवटचं वाक्य तिने चार वेळा वाचलं.

दोन महिन्यांपूर्वी तिला वर्गात धडा वाचायला उभं केलं होतं. बोलताना ती लहानपणापासून अडखळायची. त्या दिवशी 'प'वर जीभ अडकली ती अकरा सेकंद हललीच नाही. एकीने दप्तराआडून ते अकरा सेकंद टिपले, तिच्या चेहऱ्यावर गरगर फिरणारं चक्र चिकटवलं आणि ग्रुपवर सोडून दिलं. तेव्हापासून तिचं नाव बफरिंग.

घरी तिने ब्र काढला नव्हता. आई विचारायची, "काय झालं आज शाळेत?" ती म्हणायची, "काही नाही." दोन शब्दांत अडखळायला फारशी जागा नसते.

मैत्रीण तीन आठवड्यांपूर्वी नेटवरून आली. दुसऱ्या शाळेतली, हिच्याच वयाची. फोटोत कुत्र्याच्या पिल्लाआड अर्धा चेहरा लपवलेला. कितवीत आहेस, घर कुठे, शाळेच्या बसचा नंबर काय, असं तिने विचारलं. फोटोही मागितला. हिने सगळं दिलं. एवढं विचारणारं दुसरं होतं कोण? लिहिताना ती कुठेच अडखळत नसे. आणि मैत्रीण कधी फोनवर बोलायचा हट्ट धरत नसे, ही तर चैनच होती.

"कोण गं ही तुझी पाठराखीण?" दादा दारात उभा राहून सफरचंद खात होता. "कधी भेटलीयेस का?"

"न... नाही."

"मग एक दिवस पन्नाशीचा टकलू काका निघेल बघ. पिल्लू काखेत घेऊन येईल भेटायला."

"ज... जा ना तू!"

"जातो. पण बाहेर भेटायला बोलावलं तर मला सांगायचं. हसत नाहीये मी."

तो खरंच हसत नव्हता. दार लावून घेताना पहिल्यांदाच तिच्या मनात पाल चुकचुकली. पण मैत्रिणीने कधीच बाहेर बोलावलं नव्हतं. शाळेत जा, एवढंच ती सांगत होती.

गुरुवारी ती गेली.

संगणकाच्या मॅडम वर्गाच्या लाडक्या होत्या. पडदा खाली सोडून त्यांनी विचारलं, "पासवर्ड कुणाला सांगायचा?"

"कुणालाच नाही!"

"आईलापण नाही?" मागून प्रश्न आला.

"तुझ्या आईला सांगायची गरजच नाही. तिला तुझ्याआधी माहीत असतो."

वर्ग खळखळून हसला. मग मॅडम गंभीर झाल्या. चेष्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, ते त्यांनी सांगितलं. "कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचाय? सक्ती नाही."

तिचा हात वर गेला. आपला हात आहे हे तिलाही क्षणभर पटलं नाही.

"म... म... माझा..." शेजारच्या रांगेत एकाने हवेत बोटाने गोल गोल चक्र काढलं. दोघं फिसकन हसले. ती थांबली. 'मी आहे ना,' तिने मनातल्या मनात म्हटलं. "माझा व्हिडिओ क... काढला. ग्रुपवर टाकला. सगळे हसले. मी रोज पोट द... दुखतं म्हणून सांगते. दुखत नाही. मला इथे यायचं नसतं."

कुणीच हसलं नाही. फिरणारं बोट बाकाखाली गेलं.

"कुणी काढला व्हिडिओ?"

तिने वर्गाच्या मॉनिटरकडे पाहिलं. मॉनिटरचा चेहरा उतरला. "मॅडम, मी गंमत म्हणून..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"तास संपला की माझ्याकडे यायचं," मॅडम मॉनिटरला म्हणाल्या आणि पुन्हा हिच्याकडे वळल्या. "शाब्बास. मोठ्या माणसांना जमत नाही हे. कुठून आणलंस एवढं धैर्य?"

"माझ्या मैत्रिणीने दिलं," ती म्हणाली. अजिबात न अडखळता. "ती दुसऱ्या शाळेत आहे."

"नशीबवान आहेस. बस."

ती बसली. कान तापले होते, पण छाती हलकी झाली होती. घरी जाऊन आधी कोणतं वाक्य लिहायचं, ते ती जुळवायला लागली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "आठ मिनिटं उरलीत. आता एक गंमत. ही कुणाच्या ओळखीची आहे?"

पडद्यावर पिल्लाआड अर्धा चेहरा लपवलेली मुलगी होती.

वर्गात हात वर जात राहिले. दहा, वीस, तीस. मॉनिटरचाही.

"एकोणचाळीसपैकी चौतीस जणांनी हिच्याशी मैत्री केली. सव्वीस जणांनी बसचा नंबर दिला, एकोणीस जणांनी फोटो. अनोळखी माणसाला! मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन हे खातं मीच उघडलं. अशी मुलगी कुठेच नाही. उत्तरंसुद्धा माणूस देत नव्हता. तुम्ही काही लिहिलं की एक प्रोग्रॅम आपोआप उत्तर पाठवायचा, आणि माझ्याकडे यायचे ते फक्त हे आकडे."

वर्गभर ओशाळी कुजबुज पसरली. कुणी तोंड झाकलं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं. मुलं फारच घाबरली, असं मॅडमना वाटलं. त्या धीर देत हसल्या.

"काळजी करू नका. तुम्ही तिला जे काही लिहिलंत, ते आजवर कोणीही वाचलेलं नाही."