चौथी मेणबत्ती

अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं करता करता ताईचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा परदेशातल्या धाकट्या भावाने आईपाशी नर्स ठेवून तिला आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं. आज तो तिला तिथली जुनी प्रार्थनास्थळं दाखवत होता. देव अनोळखी होते, पण गाऱ्हाणं घालायला ओळख कशाला लागते? ताईने प्रत्येक ठिकाणी मेणबत्ती लावली आणि "मी परतेपर्यंत आईला सांभाळ," म्हणून हात जोडले. चौथ्या ठिकाणी भावाने तिचा हात धरला. "ताई, आता नको लावूस. आई गेली. सकाळीच फोन आला." ताईने हात सोडवून घेतला. "आणि दिवसभर तू मला फिरवत राहिलास?" "किती वर्षांनी हसत होतीस गं! सांगायला जीभच रेटेना." "तीन देवांपुढे मी तिच्यासाठी पदर पसरला रे, आणि तू समोर उभा राहून फोटो काढलेस!"