गाडीखालची ओल

सकाळी शंभर, संध्याकाळी ब्याऐंशी. आणि गाडी दिवसभरात कडुनिंबाखालून तसूभरही हलली नव्हती. स्क्रीनवरचा बॅटरीचा आकडा पाहून कैलासने स्टेअरिंगवर थाप मारली आणि ठरवून टाकलं. बस्स झालं. दसऱ्याला नवी गाडी.

पाच वर्षांपूर्वी त्याने ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा अर्धं अल्लीपूर बघायला लोटलं होतं. त्याचे वडील, नत्थूजी, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले होते, "आवाज नाई, धूर नाई. हे गाडी हाय का कूलर हाय?" त्यानंतर ते तिच्या वाटेला गेले नाहीत. गाडीने मात्र कधी तक्रार केली नाही. दिवसभर कैलास चौकातल्या आपल्या कृषी केंद्रात आणि गाडी घरामागे सावलीत. संध्याकाळी हिंगणघाटची एक फेरी झाली की तिचं काम संपलं. पण गेला महिनाभर तिला काय झालं होतं कोण जाणे. रात्री भरलेलं चार्जिंग दिवसा उभ्या उभ्या उतरायचं, किलोमीटर तेवढेच राहायचे, आणि गाडीखाली रोज ओल. कोंबड्या तिथे पाणी पीत उभ्या असत.

वर्ध्याच्या शोरूमवाल्याने तपासून सांगितलं होतं, "बॅटरी ठणठणीत आहे, साहेब. घरचं कोणीतरी वापरत असेल." चाक न फिरवता वापरतंय म्हणे! कैलासने मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या. मग त्याच्याकडेच एक्स्चेंजचं बोलणं केलं, कारण नवं मॉडेल एका चार्जिंगमध्ये दुप्पट पळत होतं. रंगही बायकोने, रूपालीने, पसंत करून ठेवला होता.

रात्री जेवताना त्याने घरात जाहीर केलं. "उद्या तीन वाजता मानूस येऊन राह्यला. जुनी घेऊन जाईन."

नत्थूजींचा घास हातातच राहिला. "इकू नोको."

"काऊन?"

"पाच वर्सं चाकरी केली तिनं तुही. मान्साले थोडी लाज पाह्यजे."

"अन् तुमीच तं कूलर म्हनत होते तिले!"

"म्हनलं असन. आता नाई म्हनत."

म्हाताऱ्याला अचानक हा पुळका कुठून आला ते कैलासला कळेना. तेवढ्यात चुलीजवळून मनकर्णाबाईंचा, त्याच्या आईचा, आवाज आला. "कैलास, तुह्या बापाले इचार, भाकर वाढू का."

बाप आईपासून चार हातांवर बसला होता. "तुह्या मायले सांग, अर्धी दे."

या घरात हे असंच चालायचं. चारचौघांत नवरा-बायकोने एकमेकांशी थेट बोलायचं नाही, अशी त्या दोघांची जुनी रीत. ओसरीवर तर दिवसभर गावाची ये-जा. त्यामुळे निरोप पोचवण्यातच कैलासचं अर्धं बालपण गेलं होतं, आणि चाळिशी उलटली तरी त्या कामातून सुटका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी रिकामी करून ठेवावी म्हणून तो दुकान बंद करून घरी आला. पावसाळा सरतानाचं चिकट ऊन होतं. अशा दिवसांत पंखा गरम वारा फेकतो आणि कूलर अंग चिकचिकीत करतो. रूपाली तिच्या शाळेत होती. ओसरी रिकामी. स्वयंपाकघरातही कोणी नाही. कैलास घरामागे गेला.

गाडीच्या सगळ्या काचांना उन्हाच्या काळ्या जाळ्या लावलेल्या होत्या. आतून एसीची बारीक घरघर येत होती आणि खाली पाणी टपकत होतं. काच बोटभर उघडी होती. कैलासने वाकून पाहिलं.

स्टेअरिंगसमोर बाप बसला होता. शेजारी माय. एरवी याच गाडीत मागच्या सीटवर दाराला चिकटून बसणारी त्याची माय पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. मांडीत भुईमुगाच्या शेंगा. एक दाणा ती तोंडात टाकत होती, एक त्याच्या हातावर ठेवत होती.

"मनकर्णा," बाप म्हणाला, "थंडी तं नाई वाजून राह्यली तुले?"

"वाजू द्या. मंग काय झालं ते सांगा."

आणि माय हसली. अगदी पोरीसारखी, खळखळून.

बापाच्या तोंडून आईचं नाव कैलासने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्याला भरून आलं. हसूही आलं. तो चपला हातात घेऊन मागच्या मागे अंगणाबाहेर आला आणि त्याने वर्ध्याला फोन लावला. "येऊ नका. गाडी द्यायची नाही. तुम्ही म्हणत होता तेच खरं निघालं."

संध्याकाळी सगळे ओसरीवर जमले. नत्थूजी एका टोकाला खाटेवर, मनकर्णाबाई दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत. दोघांचेही चेहरे उतरलेले. शेवटी मनकर्णाबाईच म्हणाल्या, "कैलास, तुह्या बापाले इचार, तो गाडीवाला काऊन नाई आला."

"मीच नोको म्हनलं, माय. गाडी आपल्याकडंच ऱ्हाईन."

"अन् बॅटरीचं काय?" रूपाली म्हणाली. तिच्या पसंतीचा रंग डोळ्यांदेखत उडून चालला होता.

कैलासने नजर पायांच्या अंगठ्यावर रोवली. "बाबा, दुपारी बसान तं तेवढा प्लग लावून बसत जाजा."

नत्थूजी कडुनिंबाकडे असे बघू लागले, जणू ते झाड आजच उगवलं होतं. मनकर्णाबाईंनी मात्र सूप खाली ठेवलं, आणि मधल्या कोणालाही निरोप न देता, सगळ्यांदेखत, थेट नवऱ्याला म्हणाल्या,

"पाहा! पह्यल्याच दिवशी म्हनलं होतं ना मी तुमाले, प्लग लावा म्हनून!"