रुद्रमूर्तीचा नारळ

"आज नक्की मरणार का गो तो?" शेवंतीबाईंनी दारातूनच विचारलं. चप्पल अजून पायात, हातात शेंडीवाला नारळ.

"अय्यो, आत तर ये," अलमेलू मामी म्हणाली. "पेपरात आलंय. आज रुद्रमूर्ती खलास."

मुलुंड ईस्टच्या त्या बिल्डिंगमध्ये मामीला चाळीस वर्षं झाली होती, शेवंतीबाईंना दीड. त्यांची विक्रोळीची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, म्हणून त्या इथे भाड्याने आल्या. एकट्याच. मुलगा प्रीतम बाहेरगावी नोकरीला. दोन गणपती झाले, तो काही घरी आला नव्हता.

"सुट्टीच देत नाहीत मेले," शेवंतीबाई म्हणायच्या. "माणूस आहे की बैल?"

रोज संध्याकाळी साडेसहाला त्या मामीकडे तमिळ सिरियल बघायला यायच्या. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. मामी पितळेच्या पेल्यातली कॉफी फेसाळता फेसाळता मराठीत सांगायची, की सुनेने काय केलं, सासूने कुठे काय लपवलं. शेवंतीबाईंना त्याचं काही पडलं नव्हतं. रुद्रमूर्ती आला की मात्र त्या पुढे सरकून बसायच्या.

रुद्रमूर्ती म्हणजे गावचा जमीनदार. पांढरी जटा, छातीपर्यंत दाढी, कपाळभर भस्म. आतापर्यंत त्याने सात खून केले होते, दोन घरं जाळली होती आणि सख्ख्या वहिनीला विहिरीत ढकललं होतं. मामी त्याला तमिळमध्ये शिव्या द्यायची आणि मग त्यांचं मराठीही करून सांगायची. एकदा तर टीव्हीवर चप्पल उगारून ओरडली, "याची आई भेटू दे मला! विचारते, काय खाऊन जन्म दिलास म्हणून!"

शेवंतीबाईंना कॉफीचा ठसका लागला. "विचार की," त्या खोकत म्हणाल्या. "तांदळाची पेज म्हणेल."

समोरच्या खोलीतली सुगंधा हसून हसून लोळायची. "काकू, सगळी दुनिया हिरोवर मरते. तुम्हाला म्हातारपणी व्हिलन आवडला!"

"बारीक झालाय गं," शेवंतीबाई स्क्रीनकडे बघत म्हणायच्या. "जेवत नाही वाटतं नीट."

"काल दोन माणसं गिळलीत त्याने!" मामी म्हणायची.

रुद्रमूर्ती बोलायला लागला की शेवंतीबाई रिमोटने आवाज बारीक करायच्या. "नको तो आवाज. शोभत नाही त्याला." मामी चिडून परत वाढवायची.

याआधी तो दोनदा मेला होता. एकदा सुरा खुपसला, एकदा ट्रकखाली गेला. दोन्ही वेळा महिन्याभरात परत. दुसऱ्यांदा हॉस्पिटलच्या खाटेवर त्याने डोळे उघडले, तेव्हा शेवंतीबाई ढसाढसा रडल्या. आनंदाने रडल्या, असं सुगंधाने बिल्डिंगभर सांगितलं.

तेव्हाच मामीने त्यांना समजावलं होतं. "आमच्या सिरियलमध्ये नुसतं मेला म्हणजे मेला नाही. दरीत पडलेला परत येतो. नदीत वाहून गेलेला नवीन तोंड लावून येतो. चिता पेटलेली दाखवली, तरच समजायचं गेला. मग डायरेक्टरसुद्धा परत आणू शकत नाही."

ते शेवंतीबाईंनी बरोब्बर लक्षात ठेवलं होतं.

आज त्यांनी नारळ मामीच्या देवापुढे ठेवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"त्या पाप्यासाठी नवस?" मामी म्हणाली. "काय मागितलंस?"

"सांगायचं नसतं."

"नारळाने वाचायचा नाही हां तो, सांगून ठेवते."

सुगंधाही आली. काकूंना धीर द्यायला कोणीतरी हवं, म्हणून मुद्दाम. सिरियल सुरू झाली. पहिली दहा मिनिटं नुसती वीज चमकली. मग धाकट्या सुनेने त्रिशूळ उचलला, आणि रुद्रमूर्ती देवळाच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली आला.

"गेला!" मामीने टाळी वाजवली.

"थांब," शेवंतीबाई म्हणाल्या. "गेल्या वेळी पण असाच गेला होता."

जाहिराती लागल्या. शेवंतीबाईंनी मामीचा हात धरला. मामीची थट्टा तिथेच थांबली.

जाहिराती संपल्या. स्मशान दिसलं. लाकडं रचलेली, वर पांढऱ्या कापडात रुद्रमूर्ती, नाकात कापूस. शेवंतीबाईंनी झटकन मान फिरवली आणि खिडकीकडे बघत बसल्या.

"मला नाही बघवत. तूच बघ आणि सांग. पेटली?"

"भाऊ मशाल घेऊन येतोय."

"आता?"

"रडतोय."

"मेल्याला रडायला आत्ताच सुचलं! पेटवली का?"

"पेटली गं," मामी हळूच म्हणाली. "चांगली धडधडून पेटली."

"तोंड दिसलं का? त्याचंच ना? दुसरं कोणी नाही ना घातलं?"

"त्याचंच. आता मडकं फोडलं. संपलं, शेवंती."

मामीने पदराने डोळे टिपले. "नाही म्हटलं तरी काम चांगलं करायचा हो."

सुगंधा पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाली. पण शेवंतीबाई उठल्या, तडक देवापुढे गेल्या, नारळ उचलला आणि मामीच्या मोरीच्या उंबऱ्यावर असा आपटला, की एका फटक्यात दोन शकलं. पाणी मनगटावरून ओघळलं.

"काकू," सुगंधा बावरली, "अहो, तो मेला ना? मग नारळ कसला?"

तेवढ्यात शेवंतीबाईंचा फोन वाजला. स्क्रीनवर प्रीतमचं नाव. हात चिकट झालेले, म्हणून त्यांनी करंगळीने स्पीकर लावला.

"आई, बघितलंस ना? जाळलं गं मला एकदाचं! गणपतीला घरी येतोय, मोदक जास्त कर."